पित्ताची गोळी आणि दोन पेग: पोटात नेमकं काय होतं?

कृष्णाकाठ · १० फेब्रुवारी, रात्री ९:४०

गेल्या महिन्यात मिरजेजवळ चुलत भावाच्या मळ्यावर आम्ही चौघे भाऊ बसलो होतो. मी वर्षातून पाच-सहा वेळाच घेतो, तेही दोन स्मॉल. तिसरा कधीच नाही. त्या रात्री तर मी आधी व्यवस्थित जेवून घेतलं होतं, कारण पंधरा दिवस छातीत जळजळ आणि करपट ढेकरा यांनी हैराण होतो. एका मित्राच्या सांगण्यावरून आठवडाभर रॅनिटिडिन १५० सकाळ-संध्याकाळ चालू होती. दुसरा पेग अर्धा झाला आणि डोकं हलकं झालं, बोलताना शब्द घसरायला लागले. थोरल्या भावानं काही न बोलता माझ्या गाडीची किल्ली उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

ब्रँड तोच, माप तेच, जेवण नेहमीपेक्षा जास्तच. नवीन होती ती फक्त गोळी.

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे घरी आल्यावर वाचायला बसलो. दारू आतड्यातून रक्तात जाते आणि लिव्हर ती मोडतं, एवढंच मला माहीत होतं. पण जठराच्या अस्तरातही अल्कोहोल डीहायड्रोजनेज हे एन्झाइम असतं. लिव्हरमध्ये मुख्य काम करणाऱ्या एन्झाइमच्याच कुळातलं. ते अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं. म्हणजे प्यालेल्या दारूतला थोडा हिस्सा शरीरभर पसरण्याआधीच मोडला जातो. पूर्वी गावात माल शिरताना जकात नाक्यावर वसुली व्हायची, तसं काहीसं.

न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्स इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात चार्ल्स लीबर यांच्या गटानं यावर बरंच काम केलं. सिमेटिडिन हे रॅनिटिडिनच्या कुळातलं पहिलं यशस्वी पित्तशामक, १९७६ साली ब्रिटनमध्ये आलेलं. त्यानं अल्सरवरचे उपचारच बदलून टाकले, आणि ते घडवणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९८९ मध्ये लीबर यांच्या गटानं दाखवलं की सिमेटिडिन जठरातल्या या एन्झाइमला अडवतं. मग १९९२ मध्ये रॅनिटिडिनवरचा प्रयोग आला. आठवडाभर गोळी घेतलेल्या पुरुषांना न्याहारीनंतर वजनाच्या दर किलोमागे ०.३ ग्रॅम अल्कोहोल दिलं, तर रक्तातली कमाल पातळी सरासरी ३४ टक्क्यांनी वाढली. त्याच कुळातल्या फॅमोटिडिनमुळे असा फरक पडला नाही.

७० किलोच्या माणसाला ०.३ च्या हिशेबानं २१ ग्रॅम होतात. आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची व्हिस्की ६० मिली घेतली तर त्यात साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे बरोबर माझे दोन स्मॉल! हे गणित वहीत मांडलं तेव्हा अंगावर काटा आला.

पुढचं वाचून मात्र गोंधळ झाला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं हा परिणाम व्यवहारात महत्त्वाचा नाही असं ठरवलं. त्याच सुमारास, जेवलेल्या पुरुषांत काहीच फरक दिसत नाही असे अभ्यासही छापून आले.

तर जाणकारांना माझे प्रश्न: हे खरं मानायचं की नाही? आपल्याकडे सगळे घेतात त्या पॅन्टोप्राझोलचं काय? आणि पॅन-डी मधल्या त्या 'डी' चा यात काही हात आहे का?

---

पायवाट · १० फेब्रुवारी, रात्री १०:०५

चांगला विषय. आमच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक बसण्याआधी गोळी टाकतातच. वाचतोय.

---

मेडिकलवाला_सातारा · १० फेब्रुवारी, रात्री ११:२०

माझं औषधांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. काउंटरवरून दिसतं ते लिहितो.

शनिवारी संध्याकाळी सातनंतर येणारं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे "दोन पॅन-डी द्या, आज बसायचंय." कागद नसतोच. हे शेड्यूल एच मधलं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं. पूर्वी मीही द्यायचो, खोटं बोलत नाही. आता देत नाही, आणि दोन-चार गिऱ्हाईकं त्यामुळे शेजारच्या दुकानात गेली.

लोकांची समजूत अशी आहे की गोळी आधी घेतली की पोटाला कवच मिळतं. ज्याला कधीच त्रास नसतो तोही घेतो. बरेच जण ती जेवल्यावर, पहिल्या पेगच्या पाच मिनिटं आधी घेतात. तिचा त्या रात्री काय उपयोग होणार हे डॉक्टर सांगतील.

रॅनिटिडिनबद्दल आणखी एक. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए हा कर्करोगाचा संशय असलेला घटक सापडल्यावर जगभर चौकशी झाली. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळली, पण बंदी नाही, त्यामुळे खेड्यापाड्यांत आजही ती खपते. कृष्णाकाठ, तुम्ही ती मित्राच्या सांगण्यावरून घेतली हे वाचून वाईट वाटलं. पंधरा दिवस जळजळ असेल तर दाखवून घ्या.

आणि कळकळीची विनंती: जुलाब झाले म्हणून मेट्रोनिडाझोल चालू असेल, किंवा पोटातल्या जंतूसाठी डॉक्टरांनी किट दिलं असेल आणि त्यात टिनिडाझोल असेल, तर दारूला हातही लावू नका. औषध संपल्यावरही तीन दिवस नाही. चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते, असा इशारा औषधाच्या माहितीपत्रातच असतो. 'पोटाची गोळी' या एका शब्दाखाली लोक सगळं एकत्र करतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

---

निळी_शाई · ११ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

मी नाशिकला फिजिशियन आहे. सकाळची ओपीडी सुरू व्हायच्या आत लिहिते.

कृष्णाकाठ, तुमचा जकात नाका चांगला आहे, तोच पुढे नेते. त्या नाक्यावर कारकून एकच आहे. दोन गाड्या आल्या तर त्यानं काढून घेतलेला माल डोळ्यांत भरतो, शंभर गाड्या आल्या तर भरत नाही. थोड्या दारूत फरक दिसतो आणि भरपूर दारूत तो हरवून जातो, त्याचं कारण हेच. ज्या अभ्यासांत जास्त अल्कोहोल दिलं, त्यांत परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सिमेटिडिन आणि रॅनिटिडिनमुळे होणारी वाढ दिसली, पण छोटी. म्हणून दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत, आणि तुमचा अनुभव नेमका त्या छोट्या खिडकीत बसतो: जेवलेलं पोट, कमी दारू, आठवडाभर रॅनिटिडिन.

जेवलेलं पोट का महत्त्वाचं? दारू जठरात थांबली तरच नाका चालतो. उपाशीपोटी ती सरळ लहान आतड्यात उतरते, तिथे शोषण फार वेगानं होतं, आणि मग गोळी घ्या किंवा न घ्या, ती चढतेच.

इथेच जुना वाद आहे. मिनियापोलिसचे संशोधक मायकेल लेविट यांचं म्हणणं असं की जठरातलं एन्झाइम मुळातच इतकं थोडं आहे की त्याला एवढं श्रेय देता येत नाही, दारू शरीरभर पसरण्याआधीचं हे मोडण्याचं काम बहुतेक लिव्हरच करतं. लिव्हरचं एन्झाइम मंद गतीनं आलेलं अल्कोहोल चांगलं निपटतं, एकदम लोंढा आला की ते भरून जातं. रॅनिटिडिन जठर रिकामं होण्याचा वेग वाढवतं असंही आढळलं आहे. तेव्हा ती वाढ एन्झाइम अडल्यामुळे की लोंढ्यामुळे, यावर दोन तट पडले. माझं मत विचाराल तर दोन्ही थोडंथोडं, आणि वेगाचा भाग आपण फार कमी लेखतो.

आता तुमचा 'डी', म्हणजे डोम्पेरिडोन. त्याचं कामच जठरातलं पुढे ढकलण्याचं. त्याच कामाच्या मेटोक्लोप्रमाइडनं अल्कोहोल लवकर शोषलं जातं हे १९७० च्या दशकातच दिसलं होतं. म्हणून माझ्या रुग्णांना मी सांगते की पॅन-डी मधलं 'पॅन' दारूची पातळी वाढवत नाही, पण 'डी' ला निष्पाप समजू नका. जेवणानं मिळणारा फायदा, म्हणजे दारू हळूहळू उतरणं, तोच ते कमी करू शकतं.

नुसतं पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल: या तिघांवर थेट अभ्यास झालेत, रक्तातलं अल्कोहोल बदलत नाही.

मेडिकलवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ही 'प्राझोल' औषधं आम्ल तयार करणारे पंप चालू असताना त्यांना कुलूप लावतात. म्हणून ती सकाळी, न्याहारीच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी घ्यायची असतात, आणि पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. जेवल्यावर पेगच्या पाच मिनिटं आधी घेतलेली एक गोळी त्या रात्री जवळजवळ काहीच करत नाही.

---

कलम_कागद · ११ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मी वकील आहे, मोटार वाहन कायद्याची प्रकरणं चालवतो. डॉक्टरांनी "वाढ छोटी" म्हटलं, त्यावर थोडं थांबून बोलावंसं वाटतं.

छोटी कशाच्या तुलनेत? इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार ती ३० आहे. त्या देशांत तीन-चार पेगनंतर जिथे रेघ येते, ती आपल्याकडे पहिल्या-दुसऱ्या पेगलाच येते. आणि कृष्णाकाठ यांनी सांगितलेला परिणाम दिसतो तो याच थोड्या दारूत.

कच्चा हिशेब करा. ७० किलोच्या पुरुषाच्या शरीरात २० ग्रॅम अल्कोहोल एका दमात पसरलं असं धरलं तर १०० मिलीला ४० च्या थोडं वर जातं. प्रत्यक्षात जेवण असतं, वेळ जातो, लिव्हर तासाला साधारण १५ कमी करतं, त्यामुळे आकडा बराच खाली राहतो. समजा एखाद्याचा २४ वर थांबला असता. एक तृतीयांश वाढ झाली तर ३२. नाकाबंदीवर फुंकलं की हा फरक सुटका आणि खटला यांच्यातला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

"साहेब, मी पित्ताची गोळी घेतली होती" असं सांगून कुणी सुटेल या भरवशावर राहू नये. कायदा रक्तातला आकडा विचारतो, तो कसा वाढला हे नाही.

तुमच्या भावानं किल्ली घेतली, त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

निळी_शाई · ११ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

कलम_कागद, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मान्य. ते निष्कर्ष काढणाऱ्यांसमोर त्यांच्या देशांची मर्यादा होती, ३० नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की ३४ टक्के ही एका प्रयोगातली सरासरी आहे, सगळ्यांना लागू होणारा दर नाही.

---

रातराणी_७ · ११ फेब्रुवारी, रात्री ८:५०

सगळे हिशेब ७० किलोच्या पुरुषाचे चाललेत. बायकांचं काय? मी ५२ किलो, महिन्यातून एखादा ग्लास वाइन, आणि ओमेप्राझोल दोन वर्षं चालू. नवऱ्याबरोबर तेवढंच घेतलं तरी मला दुप्पट जाणवतं. हा भास आहे का?

---

निळी_शाई · ११ फेब्रुवारी, रात्री १०:१०

रातराणी, भास नाही. १९९० मध्ये लीबर यांच्याच गटानं स्त्री-पुरुषांची तुलना छापली होती. स्त्रियांत जठरातल्या एन्झाइमचं काम पुरुषांपेक्षा कमी आढळलं, आणि वजनानुसार तेवढीच दारू तोंडावाटे दिली तरी रक्तातली पातळी जास्त गेली. त्यात भर म्हणजे स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेच अल्कोहोल कमी पाण्यात विरघळतं. तुमच्या ओमेप्राझोलचा त्या दुप्पट जाणवण्याशी संबंध नाही.

पण दोन वर्षं? कुणी आणि कशासाठी दिलं, हे एकदा डॉक्टरांबरोबर तपासून पाहा. बी-१२ आणि मॅग्नेशियमची तपासणीही करून घ्या. आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. पुण्यातल्या गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात बहुसंख्य जणींत बी-१२ कमी निघालं होतं, शाकाहारी घरांत तर ते आधीच काठावर असतं. काठावरच्याला अशी दोन वर्षं पुरतात. पाय चुरचुरतात का?

---

रातराणी_७ · ११ फेब्रुवारी, रात्री १०:३२

हो. तळपाय. मी चपलांना दोष देत होते. उद्याच रक्त देते.

---

मांडवी_तीर · १२ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

मी डिचोलीचा. आमच्याकडे काजूचा हंगाम आला की उर्राक सुरू होतो, मार्च-एप्रिल. पहिल्या वाफेचा, हलका, त्यात लिंबू सोडा, मीठ, चिरलेली हिरवी मिरची. तो हलका म्हणून पाण्यासारखा जातो, आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी छातीत जळजळ.

मला बाबांबद्दल लिहायचंय.

बाबा रोज संध्याकाळी थोडी फेणी घ्यायचे. साठीनंतर त्यांना पोटात दुखायला लागलं. कुणीतरी पित्ताची गोळी सांगितली. दुखणं थांबलं. बाबा खूष, आम्हीही. गोळी आणि फेणी, दोन्ही चालू. चार वर्षं. त्या चार वर्षांत एकदाही पोट दाखवलं नाही, कारण दुखतच नव्हतं. त्यात गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्याही होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

एका सकाळी आईनं सांगितलं, चार दिवस यांना काळी शी होतेय, डांबरासारखी, चिकट. मला वाटलं लोहाच्या गोळ्यांमुळे असेल. संध्याकाळी बाबा न्हाणीघरात कोसळले. रुग्णालयात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन ५ होतं. अल्सरमधून रक्त जात होतं. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या. वाचले, पण त्यानंतर ते पूर्वीसारखे कधीच झाले नाहीत.

तुमचं ते ३४ टक्क्यांचं मी दोनदा वाचलं, समजून घेतलं. आमच्या घरात गोळीनं चढणं वाढवलं नाही. तिनं दुखणं गप्प केलं. काळ्या शीचा अर्थ, म्हणजे पोटात रक्त जातंय, मला त्या दिवशी माहीत असता तर चार दिवस गेले नसते. हे वाचणाऱ्या प्रत्येकानं तो लक्षात ठेवा, एवढ्यासाठी लिहिलं.

---

मेडिकलवाला_सातारा · १२ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

मांडवी, तुमची पोस्ट वाचून गिऱ्हाईक समोर असताना थांबलो. तुमच्या परवानगीनं काळ्या शीचं हे काउंटरवर मराठीत लिहून लावतो. दारू, दुखण्याची गोळी आणि वर पित्ताची गोळी, हे त्रिकूट मी रोज विकलं जाताना पाहतो.

---

मांडवी_तीर · १२ फेब्रुवारी, दुपारी १२:२८

जरूर लावा दादा.

---

वाळवा_ते_सॅन_होजे · १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

इथे कॅलिफोर्नियात माझ्या टीममध्ये तैवान, कोरिया आणि चीनमधले बरेच जण आहेत. पहिल्या पार्टीत माझ्या शेजारच्या तैवानी सहकाऱ्यानं बिअर घ्यायच्या आधी फॅमोटिडिनची गोळी घेतली. मला वाटलं त्याला पित्त आहे. तो म्हणाला, नाही, चेहरा लाल होऊ नये म्हणून.

मग त्यानंच समजावलं. अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड होतं हे वर आलंच आहे. ते पुढे मोडणारं एन्झाइम पूर्व आशियातल्या अनेकांत जन्मतःच अधू असतं. जगात असे सुमारे ५४ कोटी लोक आहेत, आणि तैवानमध्ये तर जवळपास निम्मी माणसं. ॲसिटाल्डिहाइड साठतं, त्यानं हिस्टामिन सुटतं, रक्तवाहिन्या फुगतात, चेहरा आणि मान लालबुंद होते. फॅमोटिडिन हिस्टामिनची एक वाट अडवतं म्हणून लाली कमी होते. पण ॲसिटाल्डिहाइड तिथेच राहतं, आणि ते कर्करोगकारक आहे. असं अधू एन्झाइम घेऊन जे पितात त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी जास्त असतो.

माझ्या सहकाऱ्याचे काका त्याच रोगानं गेले. त्यानंतर त्यानं गोळी सोडली आणि बिअरही सोडली. आता पार्टीत तो माझ्याबरोबर लिंबूपाणी घेतो.

आपल्या लोकांत हा दोष फार कमी आढळतो, तरी लिहिलं. मांडवी यांच्या बाबांची गोष्ट आणि ही गोष्ट मला एकच वाटली. शरीर ओरडून काहीतरी सांगत होतं आणि गोळीनं त्याचा आवाज बंद केला.

---

पायवाट · १३ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

दोन प्रश्न. माझ्या मेहुण्याचं वजनासाठी बायपासचं ऑपरेशन झालंय, जठराचा छोटा भागच वापरात आहे. त्याला एका बिअरमध्ये गरगरतं. हे त्यातच येतं का? आणि गोळीऐवजी नुसता सोडा किंवा ईनो घेतलं तर?

---

निळी_शाई · १३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

पायवाट, मेहुण्यांचं अगदी त्यातच येतं, आणि गोळीपेक्षा कितीतरी पटींनी ठळक. बायपासनंतर दारू काही मिनिटांत लहान आतड्यात पोचते, पातळी झपकन आणि उंच जाते. ऑपरेशननंतर काही वर्षांनी दारूचं व्यसन लागण्याचा धोकाही वाढलेला आढळतो, म्हणून त्यांना सांभाळा. ईनो आम्लाला तेवढ्यापुरतं मारतं, एन्झाइमला हात लावत नाही. पण त्याचा गॅस, किंवा पेगमधला सोडा, काही जणांत दारू लवकर शोषायला लावतो. मांडवींच्या उर्राकच्या 'पाण्यासारखा जातो' मध्ये सोड्याचाही हिस्सा असेल.

सॅन होजे यांनी ॲसिटाल्डिहाइड काढलं म्हणून एक गोष्ट जोडते. ती मला 'चढते का' या प्रश्नापेक्षा गंभीर वाटते. जठरातलं आम्ल हे जंतूंना मारणारं कुंपण आहे. कुंपण काढलं की तोंडातले जंतू जठरात वस्ती करतात, आणि यातले बरेच जंतू अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड बनवतात. हेलसिंकीच्या संशोधकांनी निरोगी माणसांना आठवडाभर लॅन्सोप्राझोल देऊन नंतर अल्कोहोल दिलं, तर जठरातल्या द्रवात ॲसिटाल्डिहाइड वाढलेलं सापडलं. म्हणजे 'प्राझोल' औषधांनी रक्तातला आकडा हलत नाही हे खरं, पण पोटात काहीच घडत नाही असं नाही.

दुसरं लिव्हरचं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, आम्ल दाबल्यावर उंदरांच्या आतड्यात एन्टेरोकॉकस जंतू वाढले, ते लिव्हरपर्यंत पोचले आणि दारूनं होणारी इजा बळावली. त्याच कामात डेन्मार्कमधल्या दारूचं व्यसन असलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि ही औषधं घेणाऱ्यांत दारूमुळे होणारा लिव्हरचा आजार जास्त निघाला. माणसांमधलं हे निरीक्षण आहे, थेट कारण सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. पण रोज पिणारा माणूस वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोल घेताना दिसला की मी आता गोळीबद्दल आधी विचारते आणि दारूबद्दल त्याच दमात.

उलट टोकही सांगते. ज्यांना खरोखर अल्सर आहे, ज्यांची अन्ननलिका आम्लानं सोललेली आहे, जे रोज ॲस्पिरिन घेतात, त्यांना ही औषधं जीव वाचवणारी आहेत. इथलं वाचून कुणीही ती मनानं बंद करू नका.

---

कृष्णाकाठ · ६ मार्च, रात्री ८:१५

उशिरा परत आलो, क्षमस्व. परीक्षांचं काम होतं आणि मध्ये पोटाचंही. मांडवी यांची पोस्ट वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी सांगलीत पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रॅनिटिडिन बंद केली आणि दुर्बीण टाकली. अल्सर नाही, पण जठराला चांगलीच सूज आहे, दोन-तीन ठिकाणी अस्तर खरवडल्यासारखं. तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पोटातला जंतू निघाला. उद्यापासून १४ दिवसांचं किट आहे. त्यात टिनिडाझोल आहे हे मी स्वतः वाचून पाहिलं, मेडिकलवाले, तुमच्यामुळे. दारूचा प्रश्नच नाही.

---

निळी_शाई · ६ मार्च, रात्री ९:४०

बरं झालं दाखवलंत. आता तुमच्या पहिल्या पोस्टकडे परत जावं लागेल. या जंतूमुळे अस्तराला सूज येते तेव्हा जठरातल्या त्याच एन्झाइमचं काम कमी झालेलं आढळलं आहे. तुमचा कारकून गोळी सुरू व्हायच्या आधीच आजारी असणार. मळ्यावर त्या रात्री रॅनिटिडिन एकटी नव्हती.

---

कृष्णाकाठ · ६ मार्च, रात्री ९:५८

म्हणजे "नवीन होती ती फक्त गोळी" हे माझं वाक्य चुकीचं होतं. वर दुरुस्त करत नाही, तसंच राहू देतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला माझा विचार कुठे घसरला ते दिसेल. भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, या वर्षी मळ्यावर उसाचा रस.

---

मेडिकलवाला_सातारा · ७ मार्च, सकाळी १०:३०

किट एकही डोस न चुकवता पुरं करा, चार दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका. जंतू गेला का याची तपासणी किट संपल्यावर निदान चार आठवड्यांनी, आणि तिच्या आधी दोन आठवडे 'प्राझोल' बंद, नाहीतर जंतू असूनही नाही असं येऊ शकतं. तारीख आत्ताच लिहून ठेवा.

---

कृष्णाकाठ · ७ मार्च, सकाळी १०:५२

किट २० मार्चला संपतं. तपासणी १८ एप्रिलला ठेवली. काय निघतं ते इथेच लिहितो.

---

रातराणी_७ · ७ मार्च, दुपारी २:१०

माझं बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झालीत, ओमेप्राझोल डॉक्टर हळूहळू कमी करतायत. तळपायांची चुरचूर अजून आहे, पण रात्री झोप लागते.